आमच्या उसातला हॅलोविन

माझा थोरला भाऊ लग्नांचं व्हिडीओ शूटिंग करायचा आणि मी नवऱ्या नटवायचे. निमगाव सावाच्या आसपास कुणाचं लग्न ठरलं की बहुतेक वेळा त्या घरी आम्ही दोघंही असायचो. मी पहाटेच मेकअपची पेटी घेऊन जायचे, दादा उन्हं वर आली की खांद्यावर कॅमेरा टाकून यायचा. पण तुळशीचं लग्न होईपर्यंत माणसांची लग्नं लागत नाहीत, आणि पितृपंधरवड्यात तर कुणी साखरपुड्याचंही नाव काढत नाही. त्या दिवसांत दादा अंगणात खाट टाकून पडायचा आणि कॅमेऱ्याची काच पुसायचा. पुसून झाली की परत पुसायचा.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं आणि आमच्या आळीत केबल आली होती. एका दुपारी दादाने हिंदीत डब केलेला एक इंग्रजी पिक्चर पाहिला. त्यात परदेशातल्या कुठल्याशा सणाला पोरं भुतांची सोंगं घेऊन दारोदार गोळ्या मागत फिरत होती. घरोघरी भोपळे कोरून आत दिवे लावले होते. आणि मुखवटा घातलेला एक माणूस सुरा घेऊन एकेकाला गाठत होता. निम्मी माणसं मरायची राहिली होती आणि लाईट गेली. ती आली तेव्हा भजनाचा कार्यक्रम चालू होता. पिक्चरचा शेवट काय झाला, हे दादाला कधीच कळलं नाही. पुढचं सगळं त्यामुळेच घडलं, असं मला वाटतं.

"आपण तसला पिक्चर काढायचा," जेवताना तो म्हणाला.

"कसला?" आईने विचारलं.

"हॅलोविनचा."

"काय हलवीन?"

"हलवीन न्हाई गं. हॅलोविन. त्यांचा सण असतो. मेलेली माणसं त्या दिवशी परत येत्यात म्हणं."

आईचा भाकरी थापणारा हात थांबला. "मंग आपल्याकडं आत्ता काय चाललंय? तुझा आजा परवा जेवायला यायचाय. खीर, वडं, भोपळ्याची भाजी, समदं करायचंय मला. त्याच्यात तू कुणाला सुऱ्यानं मारणार हाईस?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. अशी मी मरायला तयार झाले.

गोष्ट साधी होती. एका शेतकऱ्याने बांधावरून भांडण काढून शेजाऱ्याला मारलेलं असतं. तो शेजारी सर्वपित्री अमावस्येला डोक्यावर भोपळा घालून परत येतो आणि दिसेल त्याला कोयत्याने मारत सुटतो. भांडण एकाशी असताना हा बाकीच्यांना का मारतो, असं वहिनीने विचारलं. दादा म्हणाला, "पिक्चर दोन तासाचा करायचाय."

खुनी म्हणून दादाने आमच्या आळीतले पखवाजवाले काका निवडले. गावात त्यांच्याएवढं उंच कुणी नव्हतं. खांदे रुंद, हात लांब, चालायला लागले की घराच्या अख्ख्या भिंतीवर सावली पडायची. पण माणूस इतका मऊ, की घरात उंदीर सापडला तर पिंजरा घेऊन ओढ्यापर्यंत चालत जायचे आणि त्याला सोडून यायचे. मुखवट्यात चेहरा दिसणारच नाही, असं सांगितल्यावर ते लाजत लाजत तयार झाले. मरणाऱ्यांत मी, वहिनी, दादाचा पोल्ट्रीवाला मित्र आणि एक निवृत्त गुरुजी. गुरुजींनी एकच अट घातली, पिक्चरमधून समाजाला काहीतरी संदेश गेला पाहिजे.

भोपळा मिळवणं सगळ्यात अवघड गेलं. एरवी परसात लोळत पडलेले भोपळे त्या पंधरवड्यात सोन्याच्या भावाचे होतात. ज्याच्या त्याच्या घरी म्हाळ, आणि म्हाळाला भोपळ्याची भाजी हवीच. ज्याच्या दारात जावं तो म्हणायचा, "भाऊ, डोक्यात घालायला भोपळा? आमच्या बापाच्या ताटाचा भोपळा हाय ह्यो." शेवटी वहिनीच्या माहेराहून, तळेघरावरून, तिचा भाऊ एक अजस्र भोपळा मांडीवर घेऊन एसटीने आला. कंडक्टरने त्याला भोपळ्याचं हाफ तिकीट घ्यायला लावलं होतं. तो तिकीट दाखवत राहिला आणि आई भोपळ्यावर बोटाने टिचक्या मारत हळहळत राहिली. "ह्याचे घारगे किती झालं असतं!"

दादाने तो खालून कापला, आतला गर काढला, डोळ्यांना दोन भोकं आणि तोंडाला दातेरी फट पाडली. काकांचं डोकं आत जेमतेम गेलं. आतून त्यांचा आवाज आला, "गारगार वाटतंय." पोल्ट्रीवाल्याचा काळा रेनकोट त्यांना चढवला आणि हातात पुठ्ठ्याचा कोयता दिला. कोयत्याला चंदेरी कागद चिकटवलेला. आम्ही लांब जाऊन पाहिलं आणि खरंच, अंगावर काटा आला. मग शेजारची म्हैस आली आणि मागून भोपळा चाटायला लागली.

रक्त मी केलं. उसाच्या काकवीत खायचा लाल रंग आणि थोडं कुंकू. रंग हुबेहूब जमला, पण माझ्या मानेवर ते लावलं आणि मुंग्यांना निरोप पोचला. मेल्यावर हलायचं नाही, असं दादाने बजावलं होतं. उसाच्या कडेला, बांधावर मी डोळे मिटून पडले होते आणि मुंग्या माझ्या कानात शिरत होत्या.

त्याआधी मरायलाच फार वेळ लागला होता. मी किंचाळत बांधावरून धावायचे, काका मागून यायचे, ओढणी खेचायचे, ती टर्रकन फाटायची, मी पडायचे, कोयता वर जायचा आणि भोपळ्यातून आवाज यायचा, "लागलं का गं बाई?"

"कट!" दादा ओरडायचा. "काका, तुमी तिला ठार मारताय!"

"व्हय, पण ती खरंच आपटली राव. गुडघं बघ तिचं."

शेवटी दादाने त्यांना समजावलं की आवाज नंतर काढून टाकता येतो. मग काका निर्धास्त झाले आणि मला मारता मारता पूर्ण वेळ माझी माफी मागत राहिले.

हे सगळं भर उन्हात चाललं होतं. पिक्चर रात्रीचा, पण आमच्याकडे रात्री लाईट नसायची आणि उसात बिबट्या फिरत असल्याने अंधार पडल्यावर कुणी शेतात थांबत नसे. दादाने लेन्सवर निळा जिलेटीन कागद चिकटवला. कॅमेऱ्यात पाहिलं तर चांदणं पडल्यासारखं दिसायचं. एवढंच, की त्या चांदण्यात कोंबड्या चरायच्या, बायका धुणं वाळत घालायच्या आणि एका खुनाच्या मागून शाळा सुटलेली पोरं ओरडत घरी जाताना दिसायची. गुरुजींना ते खटकलं. "मध्यरात्री शाळा कशी सुटली?" दादा म्हणाला, "जादा तास."

माझं मरण संपलं तेव्हा दुपार झाली होती. आम्हा सगळ्यांनाच वरच्या मळ्यातल्या एका घरी म्हाळाचं जेवण होतं. पुढचा सीन तिथूनच घ्यायचा म्हणून दादाने फाटकी ओढणी आणि सांडलेलं रक्त तसंच राहू दिलं. मी मोटारीच्या हौदावर मान धुतली, वहिनीची जुनी साडी गुंडाळली आणि आम्ही जेवायला गेलो. दादा आणि काका ओसरीवर पुरुषांच्या पंगतीत बसले. मी आणि वहिनी आत, बायकांत.

खिरीची वाटी पुढे आली तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली आणि कुणीतरी ओरडलं, "वाघानं माणूस नेला! खालच्या उसात!" आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात.

"कुणाला नेलं?" आतून घरातली म्हातारी ओरडली.

"त्या व्हिडीओवाल्याची बहीण! वढणी घावलीय फाटलेली. रगत तर असं सांडलंय!"

माझ्या तोंडात वडा होता. वाढणाऱ्या बाईने पळी टाकून कपाळावर हात मारून घेतला. "आरं देवा! काल तर माझ्या भुवया करून गेली गं पोर!" ती रडतच माझ्या पत्रावळीवर भाजी वाढायला वाकली, आणि माझं तोंड तिला दिसलं.

तिची किंकाळी मी माझ्या मरणाच्या सीनमध्ये मारलेल्या सगळ्या किंकाळ्यांपेक्षा चांगली होती. पंगतीतल्या बायका भिंतीला जाऊन टेकल्या. माझ्या कानामागे थोडं रक्त धुवायचं राहिलं होतं, ते कुणीतरी दुसरीला दाखवलं. घरातली म्हातारी तेवढी जागची हलली नाही. तिने पदर सावरला, हात जोडले आणि मला म्हणाली, "जेव बाई. आजच्या दिवशी आलीस, आमचं भाग्य. पोटभर जेव. पण कुणाला झपाटू नको."

"आजी, मी जित्ती हाय," मी म्हणाले.

"समदी असंच म्हणत्यात," म्हातारी म्हणाली.

वहिनी मला हात लावून दाखवत होती, पण तेही कुणाला पटेना. शेवटी दादा ओसरीवरून धावत आला आणि त्याने मला शिवी देऊन विचारलं की ओढणी पिक्चरसाठी टाकलीय हे तू कुणाला सांगून का नाही आलीस. भुताशी असं कुणी बोलत नाही. त्यावरून हळूहळू बायकांचा विश्वास बसला. म्हातारीचा मात्र बसला नाही. मी निघताना तिने माझ्यावरून भाकरतुकडा उतरून टाकला.

खाली उसापाशी जत्रा भरली होती. वनखात्याची जीप आली होती. एक गार्ड बांधावर उकिडवा बसून रक्ताकडे बघत होता. त्याने त्यात बोट बुडवलं, वास घेतला आणि आमच्यादेखत बोट चाटलं. गर्दीतून "आरारा" असा आवाज निघाला. गार्ड शांतपणे म्हणाला, "काकवी हाय. गावठी."

त्यांच्या साहेबांनी दादाला बाजूला घेतलं. दादाने हॅलोविन समजावून सांगितला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे नक्की काय हलवणार तुम्ही?" पण ते रागावले नाहीत. आठवड्यापूर्वीच त्या शिवारातून एक शेळी गेली होती आणि लोकांनी पिंजऱ्याची मागणी केलीच होती. एवढी माणसं जमलीच आहेत तर पिंजरा आजच लावून टाकू, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळपर्यंत उसाच्या मधल्या वाटेवर मोठा लोखंडी पिंजरा आला. मागच्या छोट्या कप्प्यात एक करडू बांधलं. मधे गज, पुढे मोकळी जागा आणि वरून पडणारं दार. आत काही शिरलं की दार खाली. उसात कुणी जायचं नाही, असं बजावून जीप गेली.

दादाने दुसऱ्या दिवशी उसातच शूटिंग ठेवलं. वहिनीचं आणि त्याचं त्यावरून भांडण झालं. दादाचं म्हणणं होतं की बिबट्या पिंजऱ्याकडे जाणार, आपण पिंजऱ्याकडे जायचं नाही, मग भीती कसली? सुरक्षेसाठी त्याने पोल्ट्रीवाल्याचा ट्रॅक्टर आणला. आम्ही सगळे ट्रॉलीत उभे राहणार, कॅमेराही ट्रॉलीतून, आणि काका एकटेच उसाच्या कडेने धावत येणार.

भोपळा आता शिळा झाला होता. तो आतून नरम पडला होता आणि आंबूस वास यायला लागला होता. काकांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं, पण घातला. "ॲक्शन!" दादा ओरडला. काका निघाले. दहा-बारा ढांगा टाकल्यावर त्यांचा भोपळा फिरला आणि डोळ्यांची भोकं मानेमागे गेली. आम्ही ट्रॉलीतून ओरडलो, "डावीकडं, काका, डावीकडं!" त्यांच्या कानांवर भोपळा होता. ते उजवीकडे, थेट उसात घुसले.

थोडा वेळ ऊस सळसळताना दिसला. मग काकांचा आवाज आला, "आरं, वाघ! वाघ!" मग धावण्याचा आवाज, मग लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज, आणि मग एकदम शांतता. त्या शांततेत करडू ओरडलं.

दादाने पोल्ट्रीवाल्याला ट्रॅक्टर मधल्या वाटेने आत घ्यायला लावला. वाट संपली तिथे पिंजरा होता. दार पडलं होतं. आत, कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन काळ्या रेनकोटातले काका बसले होते, डोक्यावर भोपळा, हातात मोडलेला कोयता.

"काका, वाघ कुठं हाय?"

"मला काय म्हाईत! मला काय दिसतंय व्हय? कायतरी पायाला घासून गेलं. मऊ व्हतं."

"मंग बाहेर या."

"तू उतर आन् दार उचल."

दादा उतरला नाही. कुणीच उतरलं नाही. पायाला घासून गेलेलं मऊ काहीतरी अजून त्या उसात होतं. पोल्ट्रीवाल्याने वनखात्याला फोन करायला गुरुजींना पाठवावं असं सुचवलं, पण त्यासाठीही कुणीतरी ट्रॉलीतून उतरायला हवं होतं. शेवटी ट्रॅक्टरच मागे घेत गावात गेलो. काका ओरडत होते, "मला सोडून जाऊ नका रं!" आणि दादा त्यांना धीर देत होता, "तुमी पिंजऱ्यात हाय काका! सगळ्यात सेफ तुमीच हाय!"

जीप घेऊन परतलो तेव्हा काकांनी डोकं मागच्या गजांना टेकवलं होतं. भोपळा काढायचा त्यांनी प्रयत्न केला होता, पण धडपडीत तो आणखी खाली बसला होता. गजांच्या पलीकडून करडू मात्र कामाला लागलं होतं. त्याने भोपळ्याची मागची बाजू कुरतडून चांगली खिडकी पाडली होती आणि तिथून काकांचे केस दिसत होते. काका त्याच्याशी बोलत होते. "खा बाळा. सावकाश खा. कान सोड तेवढा."

साहेब जीपमधून उतरले आणि पिंजऱ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. त्यांच्या नोकरीत त्यांनी पिंजऱ्यात काय काय पाहिलं असेल मला माहीत नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं. मग गार्डला म्हणाले, "पंचनाम्यात काय लिहायचं रे?"

गार्डने विचार केला. "नर," तो म्हणाला.

दादाने ते सगळं शूट केलं होतं. तोच पिक्चरचा शेवट झाला. गुरुजींचं मरण तेवढं बाकी होतं, ते आम्ही आमच्या अंगणातच उरकलं. गुरुजी भिंतीला टेकून, पोटात कोयता धरून, मुलींना शिकवा, पाणी जपून वापरा आणि झाडं लावा, एवढं सांगून मग गेले. मरताना ते आमच्या पाण्याच्या टिपाडावर पडले आणि टिपाड सांडलं.

मिक्सिंग, म्हणजे तुकडे जोडून पिक्चर करायचं काम, नारायणगावात झालं. मिक्सिंगवाला नेहमी आमच्या लग्नांच्या सीड्या करायचा, त्याच्याकडे तेवढीच साधनं होती. एक सीन संपून दुसरा सुरू होताना बदामाचा आकार उघडायचा. मी मेले तेव्हा चारी बाजूंनी गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. वहिनीच्या खुनाला मागे सनई होती. सुरुवातीला पडद्यावर सोनेरी अक्षरांत पिक्चरचं नाव आलं आणि त्याच्या वर, सवयीने, गणपती.

नवरात्रात देवळासमोरच्या मांडवात, संध्याकाळच्या आरतीनंतर, टीव्हीला सीडी प्लेअर जोडून तो दाखवला. सगळं गाव जमलं होतं. घाबरलं कुणीच नाही. काका पडद्यावर आले की पोरं त्यांच्या नावाने शिट्ट्या मारायची, आणि काका मांडवाच्या खांबामागे लपायचे. त्यांचे माफीचे शब्द काढून टाकायला मिक्सिंगवाला विसरला होता. त्यामुळे खुनी दर वाराला "माफ कर गं पोरी" म्हणत होता, आणि बायका त्याच्यासाठी डोळे पुसत होत्या. "कुणीतरी करणी केली आसंल त्याच्यावर," एक म्हणाली. करडू आलं तेव्हा टाळ्यांनी मांडव दणाणला.

माझ्या मरणाच्या सीनला वरच्या मळ्यातली ती म्हातारी, जी मला अजून भूतच समजत होती, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली होती. मी निळ्या चांदण्यात बांधावर पडलेली. पाकळ्या पडायच्या आधी म्हातारीने बोट टीव्हीला टेकवलं. "ह्यो कोण बसलाय मागं?"

दादाने सीडी मागे नेली. थांबवली. माझ्या पायांच्या पलीकडे उसाच्या पानांत दोन गोल कान होते. त्याखाली दोन डोळे. ते काकांकडे बघत नव्हते, कॅमेऱ्याकडेही नाही. सगळा वेळ ते माझ्याकडे बघत होते. मी मुंग्यांना शिव्या देत, न हलता पडले होते आणि बिबट्या काही हात अंतरावर बसून शांतपणे माझं मरण बघत होता.

मांडवात कुणी हललं नाही. शिट्ट्या थांबल्या. पोरं सरकत सरकत आयांच्या मांडीत गेली. वहिनीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं झालं होतं. दादाने परत चालू केलं. तो सीन संपला, बदाम उघडला, आणि मांडवातल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

"परत लाव," मागून कुणीतरी म्हणालं.

दादाने तो सीन त्या संध्याकाळी किती वेळा लावला मोजलं नाही. आरतीचं निरांजन विझलं तरी लोक उठेनात. घरी जाताना सगळं गाव एकाच घोळक्याने, एकमेकांचे हात धरून गेलं, आणि दादा घोळक्याच्या मधोमध, कॅमेऱ्याची पिशवी पोटाशी धरून. "बघितलं? घाबरले का न्हाई?" तो मला सारखं विचारत होता. मला त्याला मारावंसं वाटत होतं आणि रडूही येत होतं. मी त्याचा शर्ट धरून चालत राहिले.

वनखात्याने त्या सीडीची एक कॉपी मागून नेली. पुढे पंधरा दिवसांत बिबट्या त्याच पिंजऱ्यात सापडला. त्याला बघायला काकाही गेले होते. पिंजऱ्यापुढे ते बराच वेळ उभे राहिले आणि घरी येऊन काकूंना म्हणाले, "आत लई अडचण व्हती गं त्याची. मला म्हाईत हाय."

तुळशीचं लग्न झालं आणि मोसम सुरू झाला. पहिलंच लग्न आंबेगाव तालुक्यात होतं, घोडेगावच्या पुढे. मी नवरीची वेणी घालत होते आणि बाहेर दादा मांडव शूट करत होता. नवऱ्या मुलाचे मामा, भरजरी फेटा बांधलेले, त्याच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, तुमची ती सीडी बघितली आमी. अक्षता पडायच्या आधी आमचा पण एखादा खून घ्या की."

दादा नाही म्हणाला. मामा हट्टाला पेटले. मी खिडकीतून पाहिलं, तर मांडवाच्या मागे, आचाऱ्यांच्या कढयांशेजारी मामा फेट्यासकट आडवे झाले होते, आचारी त्यांच्या शर्टावर टोमॅटोचा रस्सा ओतत होता, आणि दादा कॅमेरा डोळ्याला लावून सांगत होता, "हसू नका मामा. मेलाय तुमी."